दोन डेक आणि एक वही

आपल्या भागात 'डीजे' हा शब्द आता माणसाला लावत नाहीत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेल्या पेट्यांच्या भिंतीला डीजे म्हणतात. 'डीजे आला' म्हणजे खिडक्यांची तावदाने थरथरू लागली, आणि 'डीजे बंद पडला' म्हणजे पोलीस येऊन गेले. मूळ इंग्रजी शब्दात तबकडी फिरवणारा एक माणूस होता. तो या भिंतीआड कुठे गडप झाला कोण जाणे! त्यामुळे गेल्या वर्षी आमच्या धाकट्याने रात्री जेवता जेवता "अप्पा, मी डीजे होणार" असे सांगितले, तेव्हा सौ.च्या हातातली भाकरी हातातच राहिली.

पोरगा उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपात सीएनसी मशीनवर काम करतो. पगार बेताचा, पण महिन्याच्या महिन्याला येतो. त्याला पेट्या, अॅम्प्लिफायर, लाइट असे सगळे हप्त्याने घ्यायचे होते. जामीन म्हणून माझी सही हवी होती.

सौ. एवढेच म्हणाली, "या घरातून एकदा पाटल्या गेल्यात. आता काय न्यायचं राहिलंय?"

मी काही बोललो नाही. पाटल्या मीच नेल्या होत्या.

हे सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल. १९८७ साली मी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स करून शहापुरात घरी बसलो होतो. दुकान टाकायला पैसा नव्हता. गल्लीतल्या एका काकांकडे अहुजाचा अॅम्प्लिफायर आणि दोन भोंगे होते. बारसे, वास्तुशांत, लग्न असले की ते भाड्याने देत. मी त्यांच्याकडे निम्म्या भागीने राबू लागलो. तेव्हा आम्हाला कोणी डीजे म्हणत नसे. शहाणी माणसे 'साऊंडवाला' म्हणत, बाकीची 'ए टेपवाल्या'.

एकच टेप असली की मोठी पंचाईत व्हायची. गाणे संपले की कॅसेट काढा, उलटी घाला, पुढचे गाणे शोधा. तेवढ्यात नाचणारी पोरे उभी राहून आपल्याकडे बघत. दुसरा डेक हवाच होता. पहिला एका गिऱ्हाईकाने 'मोडीत घाल' म्हणून माझ्याकडे सोडलेला होता. दुसरा गोव्यातल्या मावसभावाकडून हप्त्याने आणला. दोन्ही डेक जोडायला मिक्सर हवा. तो मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात दोन व्हॉल्यूम कंट्रोल आणि चार रेझिस्टर बसवून केला. पुढचे गाणे लोकांच्या आधी आपल्याला ऐकू यावे म्हणून हेडफोन लागतो. माझा हेडफोन म्हणजे जुन्या टेलिफोनचा रिसीव्हर. तो खांद्याने कानाशी दाबून धरायचा आणि दोन्ही हात मोकळे ठेवायचे. मान आखडायची, पण काम भागायचे.

एवढ्या भांडवलावर मी दोन वर्षे मजेत काढली. मग १९८९ सालचे ते लग्न आले.

मुलगी आपल्या मराठी घरातली, मुलगा बैलहोंगलकडच्या कन्नड घरातला. आपल्याकडे अशी लग्ने नवी नाहीत. आजी एका भाषेत ओव्या म्हणते आणि सून दुसऱ्या भाषेत पोराला निजवते, अशी कितीतरी घरे सीमाभागात आहेत. पंगती चालू होत्या. वरपक्षाकडचे एक वयस्कर काका माझ्याजवळ येऊन अदबीने म्हणाले, "वंद कन्नड हाड हच्चरी." एक कन्नड गाणे लावा, एवढेच. मी लावले. 'प्रेमलोक' सिनेमा १९८७ चा, हंसलेखांचे संगीत. त्याच्या कॅसेटी तेव्हा आपल्या बाजारातही सगळीकडे वाजत होत्या. गाणे निम्म्यावर आले असेल, तोच मुलीकडचे दोन तरणे येऊन माझ्या डोक्यावर उभे राहिले. "हे काय लावूलास? आपलं लाव की!" मी घाबरलो. बटण दाबले, गाणे खाडकन तुटले आणि दुसऱ्या डेकवरचे मराठी गाणे सुरू झाले.

भांडण झाले नाही. कोणी मोठ्याने बोललेसुद्धा नाही. ते काका मात्र अर्ध्या ताटावरून उठले. शांतपणे हात धुतले, टोपी घातली आणि मांडवाबाहेर जाऊन उभे राहिले. मुलीचा बाप हात जोडत त्यांच्यामागे धावला. भर उन्हात त्यांची मनधरणी करणारा तो माणूस मला आजही दिसतो. त्या मुलीला सासरी पहिल्या दिवशी काय ऐकावे लागले असेल, हा विचार कित्येक रात्री डोक्यातून गेला नाही. मी काही भाषेचा कैवारी नव्हतो. मी फक्त बटण दाबले होते. पण कोणाचे तरी गाणे मध्येच तोडले होते.

त्या दिवसानंतर मी दोनशे पानी वही घातली.

प्रत्येक गाण्याची गती मोजायची. घड्याळ समोर ठेवून पंधरा सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजायचे आणि चाराने गुणायचे. अठ्ठावीस आले तर मिनिटाला एकशे बारा. मग त्याच गतीच्या आसपासचे मराठी, कन्नड आणि हिंदी गाणे शेजारी शेजारी लिहायचे. एक उतरत असताना दुसरे चढवायचे. दोन्हींचे ठोके एकावर एक पडले की नाचणाऱ्याचे पाऊल चुकत नाही, आणि भाषा बदलली हे त्याला चार पावले पुढे गेल्यावर कळते. तोवर तो हसत असतो. मागचे गाणेही कडवे पुरे झाल्यावर उतरलेले असते, त्यामुळे कोणाचा अपमान होत नाही. हलगीच्या ठेक्यावरच्या गाण्यांना मी वहीत वेगळी पाने दिली. तो ठेका तिनाचा आणि डिस्कोचा सरळ चाराचा. ते एकमेकांवर घातले की पाय अडखळतात. तिथे मधे नुसते ढोल-ताशाचे वादन घालून वाट काढावी लागते.

पण गती शंभर टक्के जुळणारी गाणी कुठून मिळणार? एकाची एकशे दहा, दुसऱ्याची एकशे चौदा. यावर उपाय डेकच्या पोटात सापडला. कॅसेट फिरवणाऱ्या मोटारीला मागे एक बारीक भोक असते. घड्याळजीच्या पेचकसाने आतला स्क्रू फिरवला की मोटारीचा वेग कमी-जास्त होतो. मी त्या जागी तारा जोडून बाहेर रेडिओचे बटण बसवले. गाणे थोडे हळू केले की गायकाचा आवाज किंचित घोगरा होतो, पण चार ठोक्यांच्या फरकाला मांडवात कोणी हरकत घेत नाही. गाण्याची सुरुवात फार आखूड असली तर ती कोऱ्या कॅसेटवर 'पॉज' दाबत दोनदा, तीनदा ओळीने भरून घ्यायची. म्हणजे जोडायला सवड मिळे. दर कार्यक्रमाआधी स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसायचे. माझे एकूण शास्त्र एवढेच.

या शास्त्रावर मला कामे मिळू लागली. "तो वहीवाला बोलवा, दोन्हीकडची माणसं सांभाळतो," असे लोक म्हणू लागले. इथेच थांबलो असतो तर बरे झाले असते. पण १९९५ च्या सुमारास मोठ्या आवाजाची हवा सुटली. अठरा इंची स्पीकरच्या पेट्या आल्या. ज्याच्याकडे पेट्या जास्त, त्याला काम. वही घरी ठेवून मी कर्ज काढले. कमी पडले म्हणून सौ.च्या पाटल्या मोडल्या. "दोन हंगामांत परत करतो," म्हणालो होतो.

दुसऱ्याच मोठ्या मिरवणुकीत, रात्री पावसाची सर येऊन गेल्यावर, जनरेटरची न्यूट्रल वायर ढिली झाली. तारा जोडताना मीच ती नीट आवळली नव्हती. न्यूट्रल सुटली की एका फेजवर व्होल्टेज भलतेच चढते. आधी दिवे लख्ख झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग दोन्ही अॅम्प्लिफायरमधून धूर आला. कर्ज फेडायला सहा वर्षे लागली. पेट्या विकल्या, मी एका दुकानात दुरुस्तीच्या कामाला लागलो. पाटल्या काही परत आल्या नाहीत, आणि सौ.ने त्यांचे नाव कधी काढले नाही. काढले ते गेल्या वर्षी, त्या रात्री.

दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोलले नाही. तिसऱ्या रात्री पोरगा मोबाईल घेऊन माझ्याजवळ बसला आणि एका माणसाची हकीकत सांगू लागला. क्लाइव्ह कॅम्पबेल त्याचे नाव, जन्म जमैकाचा. पुढे जगाने त्याला कूल हर्क म्हटले. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स वस्तीत, ते राहत होते त्याच इमारतीच्या सभागृहात त्याच्या बहिणीने नाचाचा कार्यक्रम ठेवला. शाळा सुरू होताना नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते म्हणून. मुलींना पंचवीस सेंट आणि मुलांना पन्नास सेंट प्रवेश. अठरा वर्षांच्या भावाने वडिलांच्या साऊंड सिस्टीमवर तबकड्या लावल्या. गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा आला की लोक जास्त नाचतात हे त्याने हेरले, आणि पुढे एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तो तुकडा लांबवत नेला. त्याच वस्तीतल्या ग्रँडमास्टर फ्लॅशने दुसरी तबकडी आधी कानात ऐकता यावी म्हणून स्वतःच्या हाताने स्विच जोडून घेतला.

मला हसू आले. पॉज दाबून लांबवलेली कॅसेट आणि टेलिफोनचा रिसीव्हर! आमची उडी शहापूर ते काकतीपर्यंतच, पण गरजेने शिकवलेली युक्ती तीच.

मी उठलो, माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढली आणि वही त्याच्या पुढ्यात ठेवली. म्हटले, "जामिनाची सही मिळणार नाही. ही घे. पेट्या भाड्याने मिळतात. कान भाड्याने मिळत नाहीत, ते आधी तयार कर."

पोराने वही चाळली. मग हिशेब मांडला. लॅपटॉप घरात होता, भावाचा जुना. 'मिक्स' नावाची एक प्रणाली फुकट मिळते, त्यात दोन डेक पडद्यावरच येतात. लॅपटॉपचा आवाज स्पीकरकडे जाईल, आणि यूएसबीला लावायचे छोटे साऊंड कार्ड घेतले की पुढचे गाणे हेडफोनमध्ये वेगळे ऐकता येईल. कार्ड आणि वायरचा हेडफोन, दोन्ही मिळून हजाराच्या आत आले. आजची यंत्रे ठोके आपोआप जुळवतात. मी त्याला अट घातली की तीन महिने ते बटण दाबायचे नाही, कानाने जुळवायचे. रात्री कामावरून आला की तो बसे. पहिला महिनाभर घोडागाडी दगडावरून गेल्यासारखे ठोके आपटत. "हे काय करूलास रे?" म्हणून सौ. आतून विचारी. दुसऱ्या महिन्यात ती विचारायची थांबली. पोळ्या लाटताना तिचा हात ठेक्यात पडतोय हे मी पाहिले, पण बोललो नाही.

या वैशाखात त्याला पहिले काम मिळाले. अनगोळात हळदीचा कार्यक्रम, पाहुणे गोकाककडचे. पेट्या एका मित्राकडून तीन हजारांनी घेतल्या, फक्त दोन. तारा मी स्वतः आवळल्या आणि दोनदा तपासल्या. मग मागे खुर्ची टाकून बसलो. साडेआठच्या सुमारास एक गृहस्थ त्याच्याकडे गेले. काय मागितले ते मला ऐकू आले नाही, पण तोंडाच्या हालचालीवरून कळले. माझ्या पोटात गोळा आला. पोरगा मान हलवून हसला. चालू असलेले मराठी गाणे त्याने पुरे होऊ दिले, त्याच्या शेवटच्या ठोक्यांखालून दुसरा ठेका आत सरकवला, आणि 'प्रेमलोक'मधले गाणे वर आले. सत्तावन्नाव्या पानावरची जोडी. नाचणाऱ्यांपैकी एकही जण थांबला नाही. हळद लागलेली मुलगी आणि तिची होणारी नणंद एकमेकींचे हात धरून गोल फिरत होत्या.

रात्री दहाला पाच मिनिटे असताना त्याने आवाज उतरवत आणला आणि बंद केले. २००० सालच्या नियमांप्रमाणे दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. या नियमावर कुरकुरणारे पुष्कळ आहेत. मला वाटते, ज्याला दहाच्या आत माणसे नाचवता येत नाहीत, त्याला बारापर्यंत दिले तरी येणार नाहीत.

घरी येऊन हिशेब केला. चार हजार मिळाले होते. पेट्यांचे तीन आणि टेम्पोचे दोनशे गेले. आठशे उरले ते पोराने आईच्या हातात दिले. तिने ते देवाजवळ ठेवले, हळदकुंकू वाहिले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "पाटल्यांना सुरुवात झाली म्हणायची."

सोन्याचा आजचा भाव मी तिला सांगितला नाही. तिलाही तो ठाऊक असणारच.