पटावर नाव नाही

परवा संध्याकाळी पाऊस आला आणि नेहमीप्रमाणे वीज गेली. यात सांगण्यासारखं काही नाही. पण वीज गेली तेव्हा माझा संगणक स्वतःची डागडुजी करत बसला होता, म्हणून हे पुराण.

संगणक २००६ सालचा, ३२ बिटांचा. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेली आहे. नवा घे म्हणून सगळे मागे लागतात, पण मला त्यावर लिहायचं असतं, विमान उडवायचं नसतं. २०२३ मध्ये भाच्याने त्यावर डेबियन १२ बसवून दिलं. २०२५च्या ऑगस्टमध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून डेबियनने असल्या म्हाताऱ्या यंत्रांसाठी नवी स्थापना देणं बंद केलं. म्हणजे आमची दोघांची गत सारखीच, वरच्या वर्गात जाणं नाही.

दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला. सगळं जिथल्या तिथे. पत्रं उघडली, गाणी वाजली. मग एक शब्दकोश बसवायला गेले तर यंत्र अडून बसलं. स्टेटस नावाच्या फाइलची अमुक ओळ वाचता येत नाही, सबब पुढचं काम होणार नाही. जुनं काढायला गेले, तरी तेच उत्तर.

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, घाबरू नकोस. सामान सगळं शाबूत आहे, फक्त यादी बिघडली आहे."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. डेबियनमध्ये कुठलाही प्रोग्रॅम बसवण्या-काढण्याचं काम डीपीकेजी नावाचा कारभारी करतो. काय बसवलं, कोणती आवृत्ती, ते कोणाच्या आधारावर चालतं, ही सगळी नोंद तो व्हार, त्यात लिब, त्यात डीपीकेजी अशा कप्प्यातल्या स्टेटस नावाच्या एका फाइलमध्ये ठेवतो. फाइल साधी, माणसाला वाचता येईल अशी. माझ्याकडे साडेतेराशे नोंदी निघाल्या. नाव, स्थिती, आवृत्ती, अगदी आमच्या शाळेतल्या जनरल रजिस्टरसारखी. एका पानावर शाई सांडली तर हा गृहस्थ सगळं रजिस्टर मिटून ठेवतो आणि म्हणतो, आधी हे नीट करा. प्रोग्रॅम डोळ्यांसमोर चालतोय, हे त्याच्या हिशेबी नाही. तो वहीवर विश्वास ठेवतो.

भाच्याने पहिली सूचना दिली ती मला आवडली. बिघडलेली फाइलसुद्धा आधी जशीच्या तशी बाजूला जपून ठेव, मग हात लाव. महाजालावर कोणी सांगतं कुलूप-फाइल उडवा, कोणी सांगतं सगळंच पुसून नव्याने बसवा. पण इथे दुखणं कुलपाचं नव्हतंच. फाइल उघडून त्या ओळीपाशी गेले. तिथे अक्षरांच्या जागी नुसती चिन्हांची रांग होती. सुमारे अर्धं पान गेलेलं.

आता जुन्या नकला. त्याच कप्प्यात स्टेटस-ओल्ड नावाची आधीची प्रत असते. माझ्या नशिबाने तीही अर्धवट निघाली. पण डेबियन आणखी एक शहाणपण करतो. व्हारमधल्याच बॅकअप्स नावाच्या कप्प्यात तो या फाइलच्या मागच्या काही दिवसांच्या नकला ठेवतो. सर्वांत ताजी वीज जाण्याच्या आदल्या दिवशीची होती आणि ती धड होती. ती मूळ जागी ठेवली.

पण मग त्या संध्याकाळी जे बदललं त्याचं काय? त्यासाठी तिसरी वही. डीपीकेजी आपल्या रोजनाम्यात तारीख-वेळ घालून लिहितो, हे आणलं, हे बदललं, हे अर्धवट राहिलं. पेन्सिल घेऊन बसले. ११ प्रोग्रॅम नव्या आवृत्तीचे झाले होते, दोन नव्याने आले होते. यातला प्रत्येक यंत्रावर हजर होता, पण परत आणलेल्या वहीत ११ जणांची आवृत्ती जुनी आणि दोघांचं नावच नाही. अर्धवट राहिलेलं पुरं करायला 'डीपीकेजी कॉन्फिगर' चालवलं, मग ॲप्टकडून ते ११ पुन्हा अद्ययावत करून घेतले, दोघांना पुन्हा बसवलं. शेवटी 'डीपीकेजी ऑडिट' अशी आज्ञा दिली. तो काहीच बोलला नाही. काही चुकत असेल तरच तो बोलतो.

एवढं झाल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण चहा घेताना १९८३ आठवलं.

तेव्हा मी कोकणातल्या एका शाळेत होते. जुलैच्या पावसात ऑफिसची कौलं सरकली आणि जनरल रजिस्टर भिजलं. निळी शाई पसरली, काही पानं एकमेकांना चिकटली. कारकून रजेवर, दाखले लिहायचं काम माझ्याकडे. त्याच आठवड्यात एक मुलगी शाळा सोडल्याचा दाखला मागायला आली. नुकतीच दहावी पास झालेली, तालुक्याला अकरावीला जायचं होतं. तिचं पान गेलेल्यांपैकी. मी सांगितलं, "रजिस्टरात नोंद दिसल्याशिवाय दाखला देता येत नाही. चौकशी करून बघू."

तीन वर्षं ती माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसत होती. बोर्डाची गुणपत्रिका तिच्या हातात होती. कपाटात तीन वर्षांचे हजेरीपट कोरडे होते, निकालपत्रकं होती, आधीच्या शाळेचा दाखला फाइलला लावलेला होता. म्हणजे जुनी नक्कलही होती आणि रोजनामाही होता. मी नियम सांगितला. नियम खोटा नव्हता. ती आणखी दोनदा आली, छत्री बाहेर ठेवून दाराशी उभी राहिली. मग आली नाही.

गणपतीनंतर हेडसरांनी वरिष्ठांची परवानगी आणली आणि आम्ही दोघांनी त्याच कागदांवरून पानं पुन्हा तयार केली. दोन दुपारी लागल्या. तिचा दाखला मी स्वतः लिहिला, शिपायाबरोबर घरी पाठवला. तो तसाच परत आला. ती मुंबईला मामाकडे गेली होती, कामाला. दाखला फाइलमध्ये राहिला. मी तिथून बदलून गेले तेव्हाही तिथेच होता.

संगणकाने मला जे ऐकवलं, तेच मी तिला ऐकवलं होतं, जवळपास त्याच शब्दांत. फरक इतकाच की संगणकाला डोळे नाहीत. समोर कोण उभं आहे हे त्याला दिसत नाही. मला दिसत होतं. आणि दोन दुपारींचं काम जुलैतही दोन दुपारींचंच होतं.

असो. वीज जायचा संभव असेल तर डागडुजी सुरू करू नका. वहीची एक नक्कल यंत्राबाहेरही ठेवा. मी बॅटरीसाठी दुकानदाराला सांगून ठेवलं आहे. शब्दकोश बसला. पहिला शब्द पाहिला तो 'दाखला'. त्याचा एक अर्थ पुरावा असाही दिला आहे.