वाकलेला देव

ऑस्ट्रेलियात नोकरी करणाऱ्या धाकट्या मुलाने मागच्या खेपेला येताना फोटोंचा मोठा गठ्ठा आणला होता. ॲडलेडहून निघून थेट उत्तर टोकाला डार्विनपर्यंत, जवळजवळ तीन हजार किलोमीटर, तो आणि त्याचे मित्र भाड्याच्या कॅम्पर गाडीतून गेले होते. गाडीतच झोपायची सोय, गाडीतच शेगडी आणि पाण्याची टाकी. दोन्ही बाजूंना तांबडी माती आणि मध्ये सरळ रेघ मारल्यासारखा रस्ता. एकामागे एक डबे जोडलेले, पन्नास मीटरांहून लांब ट्रक. कूबर पेडी नावाच्या गावात तर उन्हापासून वाचण्यासाठी लोकांनी जमिनीखाली घरं खोदलेली. सूर्य कलला की गाडी थांबवायची, कारण त्या वेळी कांगारू रस्त्यावर येतात; गाड्या देणाऱ्या बऱ्याच कंपन्या तर करारातच रात्री गाडी चालवायला मनाई करतात.

आईंनी सगळे फोटो बघितले, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, ''शेजारी कोण असायचं रे?''

''कुणी नाही. कधी कधी दोनशे किलोमीटरनंतर एक पेट्रोलपंप.''

''मग बोलायचं कुणाशी?''

या खेपेला त्याने ठरवलं, की आईला तसाच प्रवास घडवायचा. कुठे जायचं याचा प्रश्नच नव्हता. वडील शाळेत इतिहास शिकवायचे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला, तो डोळ्यांनी वाचायचा, असं त्यांनी आयुष्यभर म्हटलं आणि राहून गेलं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

चेन्नईला भाड्याची गाडी घेतली. झोपायची गाडी मिळाली नाही, पण मागची आसनं आडवी होत होती. स्टोव्ह, पातेली, मेतकुटाचा डबा, पोळ्यांची चवड, असा संसार थोरल्या सुनेने भरला. चालक काही वर्षं धारावीत राहून आलेला, त्यामुळे त्याची मुंबईची हिंदी सगळ्यांना कळायची. पहिल्याच दिवशी धाकट्याच्या लक्षात आलं, की कावेरीच्या मुलखात निर्मनुष्य रस्ता शोधणं म्हणजे पंढरपुरात आषाढीला एकांत शोधणं. एक गाव संपायच्या आत दुसरं सुरू होतं. भातखाचरं, केळीच्या बागा, देवळाचं गोपूर, कॉफीचं दुकान आणि पुन्हा भातखाचरं. स्टोव्ह पेटवायची वेळच आली नाही.

तंजावरला आई त्या भिंतीपाशी तास-दीड तास होत्या. देवनागरी अक्षरं, पण भाषा दोनशे वर्षांपूर्वीची. त्या बोट धरून वाचत होत्या, वरच्या ओळींशी मात्र अडखळत होत्या. उजवा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. वर्षभर त्यांचा खांदा आखडला होता.

या खांद्यावरून घरात एक न बोललेलं दुखणं होतं. आईंना वेणी घालता येत नव्हती. सुनेने दोनदा विचारलं, ''आई, मी घालू का?'' दोन्ही वेळा उत्तर आलं, ''नको, मला जमतं.'' मग डाव्या हाताने कसाबसा बुचडा बांधून, तो सुटतो म्हणून डोक्यावरून पदर. बारा वर्षं एका घरात राहूनही सुनेने आईंचे केस कधी मोकळे पाहिले नव्हते. ती गप्प राही, पण तिला ते लागत असे.

दुसऱ्या दिवशी कुंभकोणमला पितळी डबऱ्यातली कॉफी झाली आणि गाडी उत्तरेच्या रस्त्याला लागली. वीस किलोमीटरच्या आत तिरुप्पनंदाळ. 'पनै' म्हणजे ताड. तोच इथला स्थळवृक्ष. गावात काशीमठ आहे. सतराव्या शतकातल्या कुमरगुरुपरर या तमिळ संतकवीने काशीत जो मठ स्थापला, त्याच परंपरेचा. सरफोजीराजेही 1820 ते 1822 मध्ये लवाजम्यासह काशीयात्रेला गेले होते. या मुलखाला काशी कधी लांब वाटलीच नसावी.

पण देऊळ दुपारचं बंद झालेलं. चार वाजेपर्यंत थांबायचं. धाकटा वैतागला, थोरला झोपला. गाडी सावलीत लावून, दारं उघडी टाकून बसल्या बसल्या चालकाने इथली कथा सांगितली.

ताटकै नावाची एक बाई रोज शंकराला हार घाली. एकदा हार घालताना तिचं वस्त्र सुटलं. ते तिने दोन्ही कोपरांनी दाबून धरलं. हातात हार, पण हात वर नेता येईनात. तेव्हा देवच खाली वाकला. पुढे राजाने ते कललेलं लिंग सरळ करायला हत्ती लावले, हललं नाही. मग कुंगिलियनायनार आले. त्यांनी दोराचं एक टोक लिंगाला बांधलं, दुसरं स्वतःच्या गळ्यात अडकवलं आणि ओढलं. लिंग सरळ झालं.

''हे नायनार मोठे भक्त,'' चालक म्हणाला. ''घरात तांदूळ नव्हते, म्हणून बायकोने मंगळसूत्र काढून दिलं, तर त्याचा गुग्गुळ घेऊन देवापुढे जाळला.''

''आणि ती काय खायची?'' आई फटकन म्हणाल्या. सगळे हसले. (देवाने मग तिचं घर धान्याने भरलं, असं कथेत आहे; पण आईंचा प्रश्न काही चूक नव्हता.)

नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. आई खिडकीबाहेर बघत होत्या. मग त्यांनी पिशवीतून फणी काढली आणि मागे न वळताच ती मागच्या आसनावर धरली.

''जरा घालतेस का गं? गुंता फार झालाय.''

सुनेने फणी घेतली. गुंता खरोखर फार होता. खालून थोडा थोडा सोडवत, मुळाशी हात धरून तिने विंचरायला सुरुवात केली. अर्धा तास लागला. ''दुखतंय का?'' तिने एकदाच विचारलं. ''दुखतंय,'' आई म्हणाल्या, ''पण घाल.''

चारला दार उघडलं. गाभाऱ्यात समईचा उजेड. देव अजून थोडा कललेला आहे का, हे आईंनी मान तिरकी करून पाहिलं. त्यांना काही ठरवता आलं नाही. बाहेर येताना दारातल्या फुलवालीकडून सुनेने मोगऱ्याचा गजरा घेतला आणि नेहमीप्रमाणे स्वतःच्या केसात माळला. तेवढ्यात आईंनी फुलवालीपुढे एक बोट धरलं.

''एक अजून घे. तुला. तुझी वेणी लांब आहे, एकाने शोभत नाही.''

गाडी पुढे अणैक्करैच्या दिशेने निघाली, 1836 साली बांधलेल्या बंधाऱ्याकडे. मुक्कामाला अजून कॉफीची किमान तीन दुकानं होती.