वरची मूठ

आमच्या घरात दोन चाकांचे वाहन म्हणून आजवर आली ती आण्णांची एक सायकल. आण्णा बार्शीच्या मार्केट यार्डात हमाल आहेत आणि आमचे गाव बार्शीपासून नऊ किलोमीटरवर. ते सायकलवरून जातात, मी एस.टी.ने. सकाळची गाडी हुकली की कॉलेजचे पहिले दोन तास बुडतात, आणि आठवड्यातून एकदा तरी ती माझ्या हातून हुकतेच!

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे माझ्याविषयी घरीदारी एक गोड गैरसमज पसरला आहे : कागद कसलाही असो, तो मला कळलाच पाहिजे. विजेचे बिल, सोसायटीची नोटीस, शेजारच्या मावशींना आलेले बँकेचे पत्र – सारे माझ्यापुढे येते. मी मोठ्या गांभीर्याने वाचतो. निम्मे कळते, निम्मे कळल्यासारखे दाखवतो. या दाखवण्याची एकदा चांगलीच परीक्षा झाली. तीच हकिकत येथे सांगायची आहे.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आडतीवर येणाऱ्या एका ट्रक ड्रायव्हरने बातमी आणली की, सोलापुरात एका पोराची रेसची मोटारसायकल विकाऊ आहे. गाडी चोरीला गेली होती, पोलिसांना सापडली, पण आता त्या पोराला ती डोळ्यांसमोर नको आहे. किंमत फक्त चाळीस हजार. गाडी कोणती म्हणाल तर यामाहा आर-१५! कॉलेजच्या फाटकाशी अशी एक गाडी रोज उभी असते. तिच्या मालकाला मी नावाने ओळखत नाही, पण त्या गाडीवरचा ओरखडा न् ओरखडा मला पाठ आहे. तशी गाडी जुन्या बाजारातही लाखाच्या आसपास जाते, हे मी केव्हाच चौकशी करून ठेवले होते.

रात्री जेवताना आण्णा म्हणाले, "आईची भिशी लागलीया, माथाडीचा बोनस हाय. बघून तरी येऊ." आई काही बोलली नाही. तिने माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मी मात्र त्या रात्री झोपेतही गिअर टाकीत होतो.

रविवारी आण्णा, मी आणि आमच्या गावचे मिस्त्री असे तिघे सोलापूरला गेलो. आण्णांच्या बंडीच्या आतल्या खिशात नोटा होत्या. वाटेत एस.टी.ने गचका दिला की त्यांचा हात छातीवर जाई.

गाडी पाहून माझे भान हरपले. पण मिस्त्रींनी तिच्याकडे कौतुकाने एकदाही पाहिले नाही. इंजिनाला हात लावून ते गार असल्याची त्यांनी खात्री केली. गरम करून ठेवलेल्या इंजिनाचे दुखणे कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. मग त्यांनी किल्ली मागितली. एरवी एकाच किल्लीने गाडी सुरू होते, टाकी उघडते आणि सीटही निघते. येथे सुरू करायची किल्ली वेगळी, टाकीची वेगळी. चोराने कुलूप तोडले होते. पुढच्या बाजूला वायरी कापून जोडलेल्या होत्या आणि वरून काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. टाकीत बॅटरी मारली तर तळाला गंज. पोलीस ठाण्याच्या आवारात गाडीने एक पावसाळा काढला होता, त्याची ती खूण. मग मला गाडी चालवायला लावून ते मागून डोळा बारीक करून पाहत राहिले. दोन्ही चाके एका रेषेत धावतात की नाही, हे त्यांना पाहायचे होते. चौकट वाकली असेल तर गाडी कितीही स्वस्त असो, महागच!

शेवटी हँडलच्या मानेवर कोरलेला चेसिस नंबर त्यांनी रॉकेलच्या फडक्याने पुसला, त्यावर कागद धरला आणि माझ्या हाती पेन्सिल दिली. "घास." मी घासत गेलो तशी सतरा अक्षरे-आकडे एकामागून एक कागदावर उमटू लागली. चोर नंबर खरवडतात, त्यावर दुसरा ठोकतात. मग छापात अक्षरे वाकडीतिकडी येतात. ही सतराही सरळ आली, आणि आर.सी. बुकाशी तंतोतंत जुळली. इंजिनाचा नंबरही जुळला.

"गाडी वाईट न्हाय," मिस्त्री म्हणाले. "कुलपं, वायरिंग, बॅटरी, चेन, मागचा टायर. आठ-धा हजार घालाय लागतील. तरी बी सस्तात हाय." माझ्या मनात गाडी बार्शीच्या रस्त्याला लागली सुद्धा!

आता राहिले कागद. म्हणजे माझे काम. गाडीचा मालक चोवीस-पंचवीस वर्षांचा, अगदी साधा मुलगा. गाडी कर्जावर घेतलेली. चोरीला गेली तेव्हा विमा फक्त थर्ड पार्टीचा चालू होता आणि त्यात चोरीची भरपाई मिळत नाही. त्यामुळे गाडी चोराकडे असताना आणि नंतर ठाण्यात गंजत असतानाही तो हप्ते भरत होता. शेवटचे तीन हप्ते अजून बाकी होते. "आता गाडीकडं बघितलं की हप्ताच दिसतो," तो म्हणाला आणि कसनुसे हसला.

त्याच्या फायलीत कोर्टाचा आदेश आणि सुपूर्तनामा होता. खटल्यातली गाडी मालकाच्या ताब्यात देताना कोर्ट त्याच्याकडून जे हमीपत्र लिहून घेते तो हा सुपूर्तनामा. दुसऱ्या पानावर अटी होत्या. पहिली वाचली, दुसरी वाचली. तिसरीत लिहिले होते : खटल्याचा निकाल लागेपर्यंत अर्जदाराने सदर वाहन विकू नये, दुसऱ्यास हस्तांतरित करू नये, त्याच्या स्वरूपात बदल करू नये, आणि न्यायालय सांगेल तेव्हा ते हजर करावे.

मी ते वाक्य पुन्हा वाचले. पुन्हा वाचल्याने ते बदलले नाही.

"काय लिव्हलंय?" आण्णांनी विचारले.

खरे सांगतो, मी म्हणालो, "बघतो अजून." आण्णांना अक्षर येत नाही. मिस्त्रींचा चष्मा घरी राहिला होता. मालकाने वकिलाने दाखवली तेथे सही केली होती, आतले वाचलेच नव्हते. त्या खोलीत ते वाक्य माहीत असलेला मी एकटाच होतो. मी पान उलटले असते तर गाडी माझी होती. मनात युक्तिवादही तयार झाला : चोर तर सापडला आहे, खटला काय, चालेल वर्षानुवर्षे, कोण येतो गाडी बघायला!

चहा आला. तो संपला. आण्णांनी बंडीची गुंडी काढून इसार द्यायला आतल्या खिशात हात घातला. त्या हाताच्या तळव्याला पोत्यांच्या आकड्याने घट्टे पडले आहेत. तो हात खिशातून बाहेर येईपर्यंतच मला वेळ होता.

"आण्णा, थांबा," मी म्हणालो, आणि ती अट मोठ्याने वाचून दाखवली.

कोणी काही बोलेना. मग मालकच म्हणाला, "म्हंजे गाडी माझी, हप्ता माझा, आणि मलाच विकता येत न्हाय? मी करू तरी काय?" याचे उत्तर तेव्हा मला देता आले नाही.

परत येताना मी खिडकीबाहेर पाहत होतो. बऱ्याच वेळाने आण्णा म्हणाले, "तुरीचं पोतं घेताना वरची मूठ बघून कुणी घेत न्हाय. आत बंब घालून बघत्यात. मिस्त्रीनं गाडीत घातला, तू कागदात घातलास." एवढेच. पण मी आधी गप्प का बसलो होतो, हे त्यांनी विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी राज्यशास्त्राच्या सरांना सारे सांगितले. त्यांनी ग्रंथालयातून कायद्याची पुस्तके काढून दिली. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिचे कलम ३१७ वाचून मला नवल वाटले. चोरीची वस्तू हक्काच्या माणसाच्या ताब्यात परत आली की कायदा तिला चोरीची म्हणत नाही. म्हणजे तो डाग पुसला जातो! अडचण चोरीची नव्हतीच. ती दिलेल्या शब्दाची होती. जप्त वाहने ठाण्याच्या आवारात दीर्घकाळ सडू देऊ नयेत, पंचनामा आणि छायाचित्रे करून ती हमीवर लवकर परत द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात २००२ मध्येच सांगितले आहे. विकायचेच असेल तर मालकाने त्याच कोर्टाकडे परवानगीचा अर्ज करावा. परवानगी मिळाली तर बँकेचा ना-हरकत दाखला, बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५, आणि मग हस्तांतरणाचे २९ आणि ३०. आणि विमा कंपनीने भरपाई दिली असती, तर सापडलेल्या गाडीवर कंपनीचा हक्क आला असता. मग मालकाशी बोलून उपयोगच नव्हता.

मी सोलापूरला फोन करून हे सारे त्या मुलाला सांगितले. त्याने वकिलामार्फत अर्ज केला आहे. तारखा पडत आहेत. परवानगी मिळाली तर पहिला फोन तुलाच करीन, असे तो म्हणतो. पण आमचे चाळीस हजार आता पोस्टात गेले आहेत, आणि मी अजून सकाळच्या एस.टी.मागे धावतो आहे.

सतरा अक्षरांचा तो पेन्सिलीचा छाप मी वहीत खूण म्हणून ठेवला आहे. घरी कागद अजूनही माझ्यापुढेच येतात. फरक इतकाच की, परवा सोसायटीची नोटीस हातात देताना आण्णा सहज म्हणाले, "वाच बरं. मनासारखं नको, हाय तसं वाच." म्हणजे त्या दिवशी चहा संपेपर्यंत मी काय करीत होतो, ते त्यांना कळले होते.