खडकातली वाट

हरिहरेश्वरच्या मंदिरामागून दगडी पायऱ्या कड्याच्या फटीतून थेट समुद्राकडे उतरतात. हीच प्रदक्षिणेची वाट. ओहोटी असेल तेव्हाच ती चालता येते. खाली पोहोचलो आणि थक्क झालो. खारे पाणी आणि वारा यांनी कातळाला मधाच्या पोळ्यासारखी असंख्य छिद्रे पाडली होती.

मी कॅमेरा काढला. एक खडक टिपावा, तर पुढचा खुणावी. ओहोटीनंतर पूर्ण भरती यायला सुमारे सहा तास लागतात, हे ठाऊक असल्याने मी निश्चिंत होतो. परंतु पाणी पहिल्या तासात सावकाश चढते आणि तिसऱ्या-चौथ्या तासात झपाट्याने, हे मला ठाऊक नव्हते.

“दादा, दर्याकडं पाठ करू नका! पाणी भरतंय!” खडकावरची कालवे काढणारी एक बाई ओरडली. मी वळून पाहिले. ज्या कातळावरून आलो होतो, त्यावर फेस पसरला होता. टोपली डोक्यावर घेऊन ती पुढे निघाली. तिने पाय ठेवला तिथेच पाय ठेवत, गुडघाभर पाण्यातून मी पायऱ्या गाठल्या.

वर आल्यावर विचारले, “तुमचे एक छायाचित्र काढू का?”

ती हसली. “माझा कशाला फोटो? घरी जा आता.”

त्या दिवशीची छायाचित्रे सुरेख आली. प्रत्येकात कातळ आहे. समुद्र मात्र एकाही छायाचित्रात नाही. मी त्याच्याकडे पाहिलेच नव्हते. आता कोणत्याही किनाऱ्यावर गेलो, की आधी तिथल्या माणसांना भरतीची वेळ विचारतो. कॅमेरा त्यानंतर.