पेटीतले पाणी आणि बावखलातले पाणी

वसईच्या ख्रिस्ती घरात माशाचे स्थान पूर्वापार स्वयंपाकघरात आहे. बोंबील, सुरमई, सुका जवळा यांच्याशी आपली ओळख ताटातली. प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य असते तेव्हा तर त्यांचाच आधार. दिवाणखान्यात मासा आला तो अलीकडच्या काही दशकांत. येशूच्या अतिपवित्र हृदयाच्या तसबिरीखाली आता कित्येक घरांत दोन-तीन फुटांची काचेची पेटी दिसते. आमच्याही घरी ती बरीच वर्षे आहे. येणारे पाहुणे पेटीकडे पाहून “हे खायचे कधी?” असा ठरलेला विनोद करतात आणि आम्ही ठरल्याप्रमाणे हसतो. मात्र या विनोदाच्या पोटात एक खरा प्रश्न दडलेला आहे. ताटातल्या माशाविषयीचे आपले कर्तव्य भोजनापूर्वीच्या आभारप्रार्थनेने बहुधा पुरे होते. पेटीतल्या माशाविषयीचे कर्तव्य कोठे सुरू होते आणि कोठे संपते?

हा छंद तसा फार जुना नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाच्या पुस्तकाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ केला. मुंबईत १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि पुढे शाळेच्या सहलींतून आलेल्या कितीतरी पिढ्यांनी तेथल्या काचेला नाक लावले. तेथे पाहिलेले आश्चर्य पुढे कुर्ल्याच्या बाजारातून, प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून, आपल्या घरापर्यंत आले.

पेटी मांडली की पहिला धडा मिळतो तो पाण्याचा. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. नदीत तो वाहून जातो, विरतो. पेटीत तो साचतो. डोळ्यांना पाणी नितळ दिसते आणि मासे मात्र एकामागून एक दगावतात. यावर परमेश्वराच्या निर्मितीतच एक योजना आहे. काही जिवाणू अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतात; तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, जे माशांना बऱ्याच अंशी सोसवते. हे न दिसणारे सेवेकरी फिल्टरच्या स्पंजात आणि तळाच्या वाळूत वस्ती करतात आणि त्यांची वस्ती भरायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पेटी आणली त्याच संध्याकाळी तीत दहा मासे सोडणे म्हणजे त्यांना विषात सोडणे होय. स्पंजही नळाखाली खसखसून धुऊ नये. नळाच्या पाण्यातील क्लोरिनने ती वस्ती मरते. पेटीतूनच काढलेल्या पाण्यात तो हलकेच पिळावा.

दुसरा धडा उन्हाळ्याचा. ‘उष्णकटिबंधीय’ मासे म्हणजे कितीही उकाडा सोसणारे, असा समज आहे. त्यांतील बहुतेकांना २४ ते २७ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. आमच्याकडे मे महिन्यात पेटीचे पाणी ३० अंशांच्या पुढे जाते, आणि पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. अशा वेळी वीज गेली आणि हवेचा पंप थांबला, तर माणसाने मध्यरात्री उठून तांब्याने पाणी वरून खाली ओतत बसावे लागते. तान्ह्या मुलाच्या आईला हे जागरण निराळे वाटणार नाही.

आमचा जीव जडला तो तळाशी राहणाऱ्या कॅटफिशवर. आपल्या समुद्रातला शिंगाळा याच मोठ्या गोतावळ्यातला. तोंडाभोवती मांजरासारख्या मिशा आणि अंगावर खऱ्या खवल्यांचा अभाव, ही या माशांची खूण. पेटीत शोभतात ते दोन-अडीच इंचांचे, दक्षिण अमेरिकेतले कोरिडोरस. नावाचा ग्रीक अर्थ ‘शिरस्त्राणाचे कातडे’; त्यांच्या अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत असते. त्यांतल्या पेपर्ड कोरी या जातीचे नमुने चार्ल्स डार्विन यांनी ‘बीगल’ जहाजाच्या सफरीत गोळा केले होते आणि १८४२ साली तिचे शास्त्रीय वर्णन झाले. हे मासे समूहानेच सुखी असतात. निदान सहा तरी एकत्र ठेवावेत. मिशांनी वाळू चाचपत ते अन्न शोधतात, म्हणून तळाला टोकदार खडी नको, बारीक गुळगुळीत वाळू हवी. मध्येच एखादा तीरासारखा पृष्ठभागावर जातो, हवेचा घोट घेतो आणि परत तळाशी येतो. ती हवा तो आतड्यातून शोषतो. प्रथम पाहणारा घाबरतो; पण अधूनमधून असे होणे हा त्याचा जन्मजात स्वभाव आहे.

दुकानात हे मासे ‘सफाई करणारे’ म्हणून विकले जातात. वरच्या माशांचे उरलेले खातील, घाण खातील, त्यांना वेगळे काही घालू नका, असे सांगितले जाते. वास्तविक कोणताही कॅटफिश दुसऱ्याच्या विष्ठेवर जगत नाही. त्याला स्वतःचे अन्न लागते, तळाशी बुडणारे, दिवे मालवल्यावर घातलेले. ते न मिळाल्याने कित्येक पेट्यांतील कोरिडोरस हळूहळू उपासमारीने मरतात आणि मालकाला कारणही कळत नाही. तळाशी राहणाऱ्याला उरलेसुरले पुरते, हा समज माणसांच्या बाबतीतही फार जुना आहे.

या कुळातील पित्यांचे वर्तन तर विशेष आहे. ब्रिसलनोज नावाच्या छोट्या कॅटफिशचा नर कपारीत अंडी राखतो, परांनी त्यांना वारा घालतो आणि पिले बाहेर पडेपर्यंत जागा सोडत नाही. आपल्या शिंगाळ्याचा नर याहून पुढे जातो: तो फलित अंडी स्वतःच्या तोंडात धरतो आणि पिले स्वतंत्र होईपर्यंत कित्येक आठवडे जवळजवळ निराहार राहतो. संत योसेफाच्या सणाला आम्हाला हा मुका पिता हमखास आठवतो.

पवित्र शास्त्रात मात्र या माशाच्या वाट्याला मान आलेला नाही. लेवीय पुस्तकाच्या अकराव्या अध्यायाप्रमाणे पर आणि खवले असलेला मासा शुद्ध. खवले नसलेला अशुद्ध. गालील सरोवरात आजही मोठा कॅटफिश आढळतो. प्रभू येशूने सांगितलेल्या जाळ्याच्या दाखल्यात कोळी किनाऱ्यावर बसून चांगले मासे भांड्यात भरतात आणि वाईट फेकून देतात. त्या फेकलेल्यांत हाच असावा, असे काही भाष्यकार मानतात. पुढे प्रेषितांच्या कृत्यांत पेत्राला दृष्टान्त झाला आणि शुद्ध-अशुद्धाची ती भिंत पडली. परंतु गालीलचा हाच मासा थाई मांगूर या नावाने भारतात आला, तेव्हा त्याने आपल्या तळ्यांतील देशी मासे फस्त करायला सुरुवात केली आणि २००० साली केंद्र सरकारला त्याच्या पालनावर बंदी घालावी लागली. गालीलात तो निर्मितीचा एक भाग आहे. आपल्या तळ्यात तो संकट आहे. मासा तोच, पाणी बदलले.

ही गोष्ट आमच्या दाराशी आली ती एका सकर माशाच्या निमित्ताने. काचेला तोंड चिकटवून शेवाळ खरवडणारा, अंगावर चिलखत आणि पाठीवर शिडासारखा पर असलेला हा कॅटफिश दक्षिण अमेरिकेतला. दुकानात तो बोटाएवढा असतो आणि स्वस्त मिळतो. तो दीड फुटांपर्यंत वाढू शकतो आणि दहा-पंधरा वर्षे जगू शकतो, हे सहसा कोणी सांगत नाही. आमच्या शेजारच्या मुलाने आपल्या दोन फुटी पेटीसाठी तो आणला. चार वर्षांत मासा फूटभर झाला. त्याला पेटीत वळता येईना. झाडे उपटली गेली, पाणी दोन दिवसांत गढूळ होऊ लागले. घरच्यांनी विचार करून ठरवले, की वाडीतल्या बावखलात त्याला सोडून द्यावे. मुलगा रडला, पण तयार झाला. बादली भरून झाली होती, तेव्हा आम्ही मध्ये पडलो.

बावखल म्हणजे काय, हे वसईकराला सांगायला नको. इतर वाचकांसाठी सांगतो. आमच्या पूर्वजांनी वाड्यांमधून खणलेली ही गोड्या पाण्याची तळी. पावसाचे पाणी त्यांत साठते, आजूबाजूच्या विहिरींना पाझरते आणि खाऱ्या पाण्याला दूर ठेवते. त्यांवर केळी, पानवेली, भाजी आणि फुलांची शेती उभी राहिली. इमारतींच्या भरावाखाली कितीतरी बावखले गेली. राहिली ती आता मोजकी आहेत.

मुलाची आजी आमच्यावर रागावली. वयाने आणि मानाने त्या मोठ्या. त्या म्हणाल्या, “संत फ्रान्सिसनं मासा पाण्यात सोडलाच की! तुम्ही मिस्सेत वाचनं वाचता, आणि एका मुक्या जिवाला मोकळं सोडायला नाही म्हणता?”

त्यांच्या बोलण्यात दया होती आणि आधारही खरा होता. रिएतीच्या सरोवरावर एका कोळ्याने संत फ्रान्सिस यांना जिवंत मासा भेट दिला, त्यांनी त्याला भाऊ म्हणून हाक मारली आणि होडीच्या कडेने पाण्यात सोडले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आम्ही नम्रपणे एवढेच म्हटले, “मावशी, त्यांनी तो ज्या सरोवरातून काढला होता त्याच सरोवरात सोडला. या माशाचं घर अमेझॉनच्या खोऱ्यात आहे. त्याला तिथं पोचवणं आपल्या हातात नाही.”

मग आम्ही त्यांना ठाऊक असलेल्या गोष्टी सांगितल्या. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळीत, आंध्रच्या मत्स्यतळ्यांत आणि आपल्या उजनीच्या जलाशयातही हा मासा कोळ्यांच्या जाळ्यात येऊ लागला आहे. २०२० साली तो वाराणसीजवळ गंगेत सापडला. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. हवा घेऊन तो कमी प्राणवायूच्या पाण्यातही तगतो. चिलखतामुळे बगळा किंवा दुसरा मासा त्याला सहजी खात नाही. अंडी घालण्यासाठी नर काठाच्या मातीत तीन-चार फूट लांब बोगदे करतो आणि काठ ढासळतात. एकटा मासा कदाचित काही करणार नाही. पण प्रत्येक घराने एकेकच सोडला, तर बावखलाला तो एकटा राहत नाही.

आजी बराच वेळ गप्प राहिल्या. बावखलाचा काठ बांधताना त्यांच्या वडिलांनी वाहिलेल्या मातीच्या पाट्या त्यांना आठवत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, “मग याचं करायचं काय?”

हाच या छंदातला सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि तो मासा घेण्यापूर्वी विचारायचा असतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात प्रत्येक जिवाला त्याचे स्वतःचे मोल असल्याचे आणि सारी निर्मिती एकमेकांत गुंफलेली असल्याचे आपल्याला शिकवले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या, तर नको झालेला मासा टाकूनही चालत नाही आणि सोडूनही चालत नाही. दुकानदार परत घेतो का ते पाहावे. मोठी बंदिस्त टाकी असलेला छंदिष्ट शोधावा. काहीच उपाय उरला नाही, तर पशुवैद्याच्या सल्ल्याने त्याला वेदनारहित मरण देणे हेही बावखलात सोडण्यापेक्षा बरे. हे लिहिताना जड जाते, पण दुसऱ्या पाण्यावर भार टाकून आपले मन हलके करणे ही दया नव्हे.

मासा घेताना तो कोठून आला, हेही विचारावे. केरळच्या ओढ्यांतला लाल पट्ट्याचा डेनिसन बार्ब हा देखणा मासा जगभरच्या पेट्यांसाठी इतका पकडला गेला, की त्याच्या मूळ घरातच तो संकटात सापडला. २०१३ साली त्याच्या कुळाला शास्त्रज्ञांनी ‘सह्याद्रिया’ हे नाव दिले. आपल्या डोंगराचे नाव ज्याला मिळाले, त्याची एवढी चौकशी करणे आपल्याला अवघड नाही.

तो सकर मासा सध्या आमच्या अंगणातील सिमेंटच्या हौदात आहे. हौदावर जाळी आहे आणि पावसाळ्यात तो भरून वाहू नये म्हणून पाणी चार बोटे खाली ठेवतो. दुधीच्या फोडी आणि काकडी तो आवडीने खातो. खरवडायला त्याला एक लाकडाचा ओंडकाही दिला आहे. दर शनिवारी पाव हिस्सा पाणी बदलतो. काढलेले पाणी बावखलाकडे जाऊ देत नाही. ते जास्वंदीच्या मुळाशी घालतो आणि त्यातल्या नायट्रेटमुळे जास्वंद चांगली फुलते. आजी मिस्सेहून परतताना कधी कधी हौदापाशी थांबतात आणि जाळीतून काकडीची चकती आत टाकतात.

हिशेब केला तर हा मासा अजून दहा वर्षे जगेल. आमची मुले दूर आहेत आणि आमची वये सर्वांना ठाऊक आहेत. म्हणून आमच्या पश्चात त्याला कोण पाहील, हे आम्ही एका कागदावर लिहून ठेवले आहे. खाली शेजारच्या मुलाची सही आहे. तो यंदा बारावीला आहे. “अंकल, नोकरी लागली की पाच फुटी टाकी घेतो,” असे तो सांगतो. आम्ही त्याला एक मोजपट्टी दिली आहे. पुढच्या वेळी माशांच्या दुकानात जाताना ती खिशात असावी आणि बोटाएवढ्या माशाकडे पाहताना त्याने आधी तिची दुसरी बाजू पाहावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.