स्वातंत्र्य कोणासाठी?

"मला माझ्या मनाप्रमाणे वागण्याचा अधिकार आहे," असे आपण पुष्कळदा म्हणतो. तो अधिकार खराच आहे. परंतु प्रत्येक वेळी तो बजावलाच पाहिजे काय, हा प्रश्न ख्रिस्ती धर्माने आरंभीच विचारला.

पहिल्या शतकात ग्रीस देशातील करिंथ नगरात एक वाद उपस्थित झाला. मूर्तींना वाहिलेले मांस ख्रिस्ती माणसाने खावे की नाही? काहींना त्यात वावगे वाटत नसे. पण नुकतीच मूर्तिपूजा सोडलेल्यांचे मन त्यामुळे डळमळत असे. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात खाण्याची मोकळीक मान्य केली. मात्र आपल्या खाण्याने दुर्बल मनाचा बंधू अडखळत असेल, तर आपण मांस कधीच खाणार नाही, असे तो म्हणतो. दुसऱ्यांचे समाधान राखण्यासाठी त्याने बंधन प्रथम स्वतःवर घातले, हे मला फार मोलाचे वाटते.

पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. परंतु आपली विचारबुद्धी त्यांनी कोणाकडे गहाण ठेवली नाही. धर्ममतांविषयी तेथील वडील भगिनींशी त्यांनी पत्रांतून निर्भीडपणे वाद घातला. त्याच रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदासदन काढले, तेव्हा तेथील हिंदू विधवांना आपापले आचार पाळण्याची मुभा ठेवली. स्वतः त्या शाकाहारीच राहिल्या. जातीचे नियम त्यांना बंधनकारक उरले नव्हते. पण ते मोडण्याचा आग्रह धरला असता, तर त्या अनाथ मुलींना विद्येचे दार बंद झाले असते.

मग कोणी कुरकुर केली की मान तुकवावी काय? तसे मुळीच नाही. पुढे सदन पुण्यास असताना, मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात म्हणून 1893 साली मोठा गहजब झाला. सल्लागार मंडळातील प्रतिष्ठित गृहस्थांनी राजीनामे दिले, तरी प्रार्थनेच्या खोलीचे दार त्यांनी लावून घेतले नाही. समर्थांच्या रागासाठी त्यांनी आपले स्वातंत्र्य सोडले नाही. दुबळ्यांच्या हितासाठी मात्र ते आनंदाने आवरले.

शेजारी कोणी आजारी असले, तर आपण रेडिओचा आवाज कमी करतो. तसा हुकूम कोणी दिलेला नसतो. आपल्या वागण्याने समोरच्याला केवळ राग येणार आहे, की खरोखर इजा होणार आहे, एवढे प्रत्येकाने स्वतःस विचारावे. ख्रिस्ती असो वा अन्यधर्मी, स्वातंत्र्य आणि कर्तव्य यांचा मेळ त्याला तेथेच सापडेल.