कानिफनाथ आणि कान्हपाद

माहूरच्या दत्तशिखरास जाणारा यात्रेकरू लातुराहून नांदेडची वाट धरतो. आम्ही मात्र आधीं उलट दिशेस, औशापलीकडील खरोशाच्या टेकडीवर गेलों. तेथें सुमारें सहाव्या शतकांतील लेण्यांत शिवपार्वती, नरसिंह व कार्तिकेय यांच्या सान्निध्यांत एक बैठी मूर्ति बुद्धाची म्हणून दाखवितात. हें शेजार ध्यानांत ठेवून माहुरास गेलें, म्हणजे नाथकथेंतील एक कोडें उलगडूं लागतें.

दत्तात्रेयांस नाथपंथ गुरुस्थानीं मानतो. नवनाथांची पोथी ज्या घरीं वाचली जाते, तेथें हत्तीच्या कानांतून जन्मलेले, जालंदरनाथांचे शिष्य कानिफनाथ मुलांबाळांसही ठाऊक असतात. आतां दुसरी बाजू पाहावी. नेपाळच्या दरबारी ग्रंथसंग्रहांत १९०७ सालीं पंडित हरप्रसाद शास्त्री यांस जीं चर्यापदें सांपडलीं, त्यांत सर्वांत अधिक पदें कान्हपादांचीं आहेत. हे बौद्ध वज्रयानाच्या चौऱ्यांशी सिद्धांपैकीं एक, संस्कृतांत कृष्णाचार्य. हेवज्रतंत्रावरील ‘योगरत्नमाला’ टीका याच नांवावर आहे. या नांवाचे आचार्य एकाहून अधिक झाले असावेत, असें विद्वान् मानतात. पण पदकर्त्या कान्हपादांचेही गुरु जालंधरिपादच!

‘कृष्ण’ शब्दाचें प्राकृत रूप ‘कान्ह’. त्यास आदरार्थी ‘पाद’ जोडून ‘कान्हपा’, आणि त्यावरूनच ‘कानिफा’. मूळ अर्थाचा विसर पडल्यावर कानाची कथा जन्मली असावी, असें आम्हांस वाटतें.

नांवाहून बोलका पुरावा स्वभावाचा. तिबेटी भाषेंत उरलेल्या सिद्धकथेंत कान्हपादांच्या मस्तकावर सात छत्रें तरंगतात, आकाशांत सात डमरू वाजतात. पाण्यावरून चालतांना ‘हें गुरूंसही साधलें नाहीं’ असें मनांत येतांच ते बुडूं लागतात. पोथींतही सातशें शिष्यांसह मिरविणाऱ्या कानिफनाथांचा अभिमान आंब्यांच्या प्रसंगीं गोरक्षनाथांपुढें उतरतो. दोन्ही परंपरांनीं सिद्धीपेक्षां गर्वहरणच अधिक जपून ठेविलें.

आपले नाथ बौद्ध म्हटले, तर घरांतील वडीलधाऱ्यांस वाईट वाटेल काय? वाटूं नये. कान्हपाद आपल्या पदांत स्वतःस कापालिक म्हणवितात, आणि कापालिक हें तर शैवांचें नांव. ज्या भूमींत एकाच टेकडीनें शिव व बुद्ध दोघांसही आसरा दिला, तेथें एका सिद्धास दोन घरें असलीं, तर आश्चर्य कसलें? पोथी पूर्वींप्रमाणेंच वाचावी. मात्र कानिफनाथांचें नांव येतांच त्या जुन्या पदकर्त्यासही मनोमन नमस्कार करावा.